अपर्णा सेन यांच्याबद्दल फिरणाऱ्या मजकुराविषयी खुलासा

‘अपर्णा सेन यांनी १९८१ मध्ये अभिनयाला रामराम ठोकला आणि स्वतःलाच नायिका घेऊन पहिला बंगाली चित्रपट काढला’ असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. यातलं साल तेवढं खरं!

दिग्दर्शिका म्हणून त्यांचा तो पहिला चित्रपट म्हणजे ‘३६ चौरंगी लेन’. तो कोलकात्यातला आहे, पण इंग्रजी. पटकथा अपर्णाबाईंची, निर्माते शशी कपूर. पडद्यावर मात्र बाई नाहीत. मुख्य भूमिका जेनिफर केंडल यांची. शेक्सपिअर शिकवणारी एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिका आणि घरात सोबतीला सर टोबी नावाचं मांजर. शेवटी रस्त्यावरच्या एका कुत्र्याला ती ‘किंग लिअर’मधल्या ओळी ऐकवते. तो प्रसंग पाहिलेला माणूस नायिकेच्या नावात घोळ घालणार नाही, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्यानं चित्रपट पाहिलेला दिसत नाही. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार अपर्णाबाईंना याच चित्रपटानं दिला.

अभिनय सोडल्याची गोष्टही खोटी. सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’पासून (१९६१) सुरू झालेलं काम नंतरही चालूच राहिलं. १९९४ च्या ‘उनिशे एप्रिल’मधली नर्तकी आई त्यांचीच. २००० च्या ‘पारमितार एक दिन’मध्ये तर दिग्दर्शनही त्यांचं आणि सासूची भूमिकाही.

हे सगळं सांभाळून १९८६ पासून जवळजवळ वीस वर्षं त्यांनी ‘सानंदा’ या बंगाली पाक्षिकाचं संपादन केलं. मजकुरात त्याचा उल्लेखच नाही.