मधातलं फूल कोणाचं?

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. सोयाबीन सोंगणीचा ऐन हंगाम. सकाळची शाळा सुटली आणि मी घरी न जाता थेट माझ्या जोडीदाराच्या वावरात गेलो. जोडीदार म्हणजे बॅडमिंटनमधला. १९ हिवाळे आम्ही दोघं नेटच्या एकाच बाजूला उभे राहिलो आहोत. त्याच्या वावरात फक्त बांधावरच्या बाभळीखाली रेंज येते. तिथे पाण्याच्या कॅनला टेकवून मोबाईल उभा केला, ऊन पडू नये म्हणून वरून दुपट्टा धरला, आणि दोघं उकिडवे बसलो. हांगझोऊला एशियन गेम्सची पुरुष दुहेरीची फायनल सुरू होती. आपले सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी, समोर कोरियाचे चोई सोल-ग्यू आणि किम वोन-हो.

पहिल्या गेममध्ये कोरिया १८-१५ पुढे गेलं तेव्हा माझा जोडीदार एक शब्द बोलला नाही, हातातला विळा फक्त मातीत रोवला. मग सलग सहा पॉइंट आपले. २१-१८. दुसरा गेम २१-१६. आम्ही दोघं एवढे ओरडलो की सोंगणीच्या बाया हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. "काय झालं जी सर?"

म्हटलं, भारताला सोनं मिळालं. एशियन गेम्समध्ये बॅडमिंटनचं पहिलंच.

त्यातल्या एका मावशीने विचारलं, "दोघायले मिळून एक, का एकेकाले एक?"

गळ्यात दोघांच्याही पडतं, पण देशाच्या खात्यात एकच मोजतात, असं मी सांगितलं. मावशी म्हणाली, "बराबर हाय. काम एकच केलं न त्यायनं." दुहेरीबद्दल मी इतकी वर्षं मुलांना जे समजावतो आहे, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

त्या दिवशी भारताने १०० पदकांचा आकडा ओलांडला, शेवटी १०७ झाली. त्याच सकाळी आमच्या नागपूरच्या ओजस देवतळेने तिरंदाजीतलं तिसरं सोनं घेतलं होतं, त्याचा अभिमान आम्हाला वेगळाच. क्रिकेटची फायनल पावसाने अर्धवट राहिली आणि क्रमवारीवर सोनं आपल्याला मिळालं, त्यात खेळाडूंचा काही दोष नाही. पण संध्याकाळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर क्रिकेट आणि क्रिकेटच होतं. वर्ल्ड कप नुकताच सुरू झाला होता, हे मान्य. तरी जीव तुटला. पुरुष दुहेरीत याआधीचं आपलं एशियन गेम्सचं पदक १९८२ चं, दिल्लीतलं कांस्य, लेरॉय डिसा आणि प्रदीप गंधे यांचं. ४१ वर्षं गेली मध्ये. टपरीवर ही गोष्ट मी सांगायला लागलो तर अर्धे लोक म्हणाले, चिराग शेट्टी कोण?

तो महाराष्ट्राचा आहे. मुंबईचा.

आता मला खरं बोलायचं आहे ते आमच्या गावाबद्दल. दुहेरी हा खेड्याचा खेळ आहे. आमच्याकडे एकेरी कोणी खेळतच नाही, कारण कोर्ट एक आणि थांबलेली माणसं बारा. कोजागिरी झाली की ग्रामपंचायतीमागच्या जागेवर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमस करायचं, चुन्याने रेघा आखायच्या. एकेरीचं कोर्ट ५.१८ मीटर रुंद, दुहेरीचं ६.१०. म्हणजे दोन्ही बाजूंना बरोबर एकेक हात जास्त. आमचे म्हातारे तो हात कोपरापासून बोटापर्यंत खरंच हाताने मोजतात आणि रेघ चुकत नाही. नेट दोन बल्ल्यांना बांधायची, वर दोन एलईडी. दिवस मावळला की वारं पडतं, तेव्हा खेळ सुरू. फूल, म्हणजे शटल, नायलॉनचं. १६ पिसांचं, पाच ग्रॅमचं खरं फूल उघड्यावर टिकत नाही आणि परवडतही नाही. ते शिवजयंतीच्या टूर्नामेंटलाच निघतं.

आणि आमच्याकडे अजूनही १५ पॉइंटचा गेम चालतो, 'सेकंड'सकट. २००६ मध्ये २१ चा नियम आला आणि दुहेरीतली दुसरी सर्व्हिस, म्हणजे एकाची गेल्यावर जोडीदाराला मिळणारी, जगभर बंद झाली. आम्ही बंद केली नाही. एकाची सर्व्हिस गेली तर दुसऱ्याने ओरडायचं, "सेकंड बाकी हाय!" माझ्या हातून कितीदा सर्व्हिस नेटमध्ये गेली असेल, आणि दर वेळी मागून हा आवाज आला. मला तो नियम फार प्रिय आहे. तुझं चुकलं तरी आपलं अजून संपलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण दुहेरीतला खरा प्रश्न असतो मधातल्या फुलाचा. दोघांच्या बरोबर मधोमध आलेलं फूल कोणी घ्यायचं? नियमाच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. ज्याचा फोरहॅन्ड मधात, त्याने घ्यावं, असं सगळे शिकवतात. पण खेळताना विचार करायला वेळच नसतो. आम्ही पहिली तीन वर्षं याच्यावरून भांडलो. दोघांनाही मागे राहून स्मॅश हाणायची हौस, नेटजवळ जायला कोणी तयार नाही. एकदा तर रॅकेटवर रॅकेट आपटून दोन्ही मोडल्या. मग हळूहळू बसलं. आज तो कुठल्या पायावर आहे, हे मला न बघता कळतं.

सात्विक-चिरागचंही असंच होतं. एक आंध्रातल्या अमलापुरमचा, एक मुंबईचा. दोघं उंच, दोघंही मागून मारणारे. सुरुवातीला भाषेचीही अडचण. टॅन किम हर नावाच्या मलेशियन प्रशिक्षकाने त्यांना एकत्र उभं केलं आणि नेटजवळचं बरंचसं काम पुढे चिरागने अंगावर घेतलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये गटातल्या तीनपैकी दोन मॅच जिंकूनही ते बाहेर पडले. त्यांनी तिसऱ्या गेममध्ये २७-२५ असं हरवलेल्या तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांनीच पुढे ते सोनं नेलं. मलेशियाच्या आरोन चिया आणि सो वुई यिक यांच्याकडून ही जोडी सलग आठ वेळा हरली, नवव्या वेळी जून २०२३ मध्ये जकार्त्यात जिंकली, आणि हांगझोऊच्या सेमीफायनलमध्ये त्यांनाच २१-१७, २१-१२ असं सरळ उडवलं. पॅरिस ऑलिम्पिकला पुन्हा त्याच मलेशियन जोडीने क्वार्टरफायनलमध्ये बाहेर काढलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आठदा हरल्यावर आपल्याकडे कुठल्याही संघटकाने जोडी फोडली असती. ती फोडली नाही, म्हणून सोनं आलं.

आणि फोडणं हेच आपल्याकडे होतं. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझ्या शाळेत दोन पोरं होती. एक कापूसवाल्याचं, एक सालदाराचं. सहावीपासून एकत्र. एकाच रॅकेटवर दोघं शिकले, खरंच एका, पाळीपाळीने. नववीपर्यंत मोठ्या माणसांच्या जोड्या त्यांच्यापुढे टिकेनात. मधात फूल आलं की त्यांच्यात हाकही होत नसे, एक सरकायचा आणि दुसरा आपोआप जागा भरायचा. मी त्यांना घेऊन शहरातल्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रात गेलो. त्यांनी दोघांना वेगवेगळं, एकेरी खेळवलं. उंच होता त्याला घेतलं. दुसऱ्याची उंची कमी, फूटवर्क कच्चं म्हणाले. मी हात जोडून सांगितलं, साहेब, एकदा दोघांना एकत्र खेळवून बघा. वेळ नाही म्हणाले. परतीच्या एसटीत तो लहानगा खिडकीकडे तोंड करून बसला. उतरताना मला म्हणाला, "सर, त्याची बॅग म्या भरून देतो. त्याले नीट घडी जमत नाही."

म्हणून मी हे लिहितो आहे. निवड करताना जोडी म्हणून बघा. एकेकट्याचं फूटवर्क मोजून दुहेरीचा खेळाडू सापडत नाही. नेटजवळ बुटका, चपळ पोरगा सोन्याचा असतो, पण एकेरीच्या चाचणीत तो पहिल्याच फेरीत बाद होतो. शिष्यवृत्ती द्यायची तर दोघांना द्या, नाहीतर खोली तरी दोघांना द्या. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी क्रीडा संकुलाचा हॉल आहे, आतलं लाकडी फ्लोअर फुगलेलं आहे आणि बहुतेक दिवस दाराला कुलूप. ते कुलूप संध्याकाळी दोन तास जरी उघडलं तरी या पट्ट्यातल्या दहा जोड्या वाऱ्याशिवाय, खऱ्या फुलाने खेळतील. मी स्वतः चावी सांभाळायला तयार आहे, हे अर्जातही लिहून दिलं आहे, दोनदा.

त्यात ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० च खेळ ठेवलेत आणि बॅडमिंटन वगळलंय. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये याच आपल्या जोडीने सोनं घेतलं होतं. मोठ्या मंचावरच्या संधी अशा कमी होत असतील, तर खाली जोड्या जपणं आणखी गरजेचं आहे.

मागच्या दिवाळीत उंच पोरगा सुट्टीवर आला. आता चांगला घडला आहे, बूट, रॅकेट सगळं भारी, एकेरी खेळतो. लहानगा जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजतो. अंगाला सरकी-रुईचा वास घेऊनच तो कोर्टवर आला. दोघांना मी एका बाजूला उभं केलं, समोर मी आणि माझा जोडीदार. सगळं गाव जमलं. पहिले काही पॉइंट दोघंही छान खेळले. मग मी मुद्दाम एक फूल बरोबर मधात टाकलं. दोघं थांबले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि फूल दोघांच्या मधोमध चुन्याच्या रेघेवर पडलं.

लहानग्याने वाकून ते उचललं, धूळ झटकली आणि त्याच्या हातात दिलं. म्हणाला, "घे. सेकंड बाकी हाय."