सिस्टमडीच्या वादात उतरायचंय? आधी हे वाचा

तर तुम्ही लिनक्स टाकलंय, वायफाय पण लागलं, आवाज पण येतोय, म्हणजे आता पुढचा टप्पा, सिस्टमडीबद्दल मत असणं. ते नसेल तर लोक तुम्हाला पाहुणाच समजतात. मशीन चालू झालं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळ्यात आधी एकच प्रोसेस उठवतो, तिचा नंबर 1, बाकी सगळं तिच्या पोटातून येतं आणि ती मेली तर कर्नल पॅनिक होऊन सगळंच बसतं. ही एक नंबरची जागा जुन्या इनिटकडे ठेवायची की सिस्टमडी नावाच्या प्रोग्रामला द्यायची यावर 2010 पासून माणसं भांडतायत. तुम्ही ही प्रोसेस कधी डोळ्यांनी पाहिलेली नसेल तरी चालतं, उलट बरंच.

पहिली गोष्ट म्हणजे बाजू आधी ठरवायची आणि वाचायचं नंतर. उलट क्रमाने गेलात की घोटाळा होतो. सिस्टमडीचा मुख्य कर्ता लेनार्ट पॉटरिंग, त्याने एप्रिल 2010 मध्ये एक लांबलचक लेख लिहिला होता, त्यात कल्पना अशी की सगळ्या सर्व्हिसेसचे (मागे चालणाऱ्या प्रोग्रामचे) सॉकेट, म्हणजे मेसेज घ्यायची दारं, आधीच उघडून ठेवा आणि मग सर्व्हिसेस एकदमच सुरू करा, जी अजून उठली नाही तिच्यासाठी आलेले मेसेज कर्नल बफरमध्ये धरून ठेवेल, म्हणजे कोण आधी कोण नंतर ही यादी हाताने करत बसायची गरजच बरीच कमी होते. मॅकवर हीच एक नंबरची जागा सांभाळणारा ॲपलचा लाँचडी हे 2005 पासून करत होता आणि लेखात त्याचं श्रेय दिलेलं पण आहे. हे नीट वाचलं तर पटायचा धोका आहे, म्हणून विरोधात उभं राहायचं असेल तर लेख लांब आहे एवढंच म्हणून पुढे जा.

विरोधकांना माझा सल्ला, जुन्या स्क्रिप्टांच्या आठवणी काढताना आवाज थोडा भरून आला पाहिजे. इनिट डॉट डी फोल्डरमधली, सर्व्हिस चालू-बंद करणारी ती शेल स्क्रिप्ट, जी कोणीच कधी लिहिली नाही, सगळ्यांनी कोणाची तरी कॉपी करून फक्त नाव बदललं, त्यामुळे एका सर्व्हिसच्या कमेंटमध्ये दुसरीचंच नाव राहिलेलं. मग ती पिड फाइल, प्रोसेसचा नंबर (पिड) लिहून ठेवणारी. सर्व्हिस क्रॅश झाली तरी फाइल तशीच, मधल्या काळात तो नंबर दुसऱ्याच प्रोसेसला मिळाला आणि तुम्ही स्टॉप म्हटल्यावर भलतंच काहीतरी मेलं. डेटाबेस उठायच्या आत ॲप सुरू व्हायचं म्हणून मी स्वतः स्क्रिप्टमध्ये स्लीप 10, म्हणजे दहा सेकंद नुसतं थांब, घातलंय, आणि त्याला आम्ही डिपेंडन्सी मॅनेजमेंट म्हणायचो. हे सगळं सांगू नका. "साधं होतं, वाचता यायचं" एवढंच सांगा, आणि लगेच युनिक्स फिलॉसॉफी आणा की एका प्रोग्रामने एकच काम नीट करावं. आपली स्क्रिप्ट युजर बदलते, डिरेक्टरी बनवते, लॉग फिरवते आणि जमलं तर मेलही पाठवते, हा विषय निघाला तर पाणी प्यायला उठा.

लॉगचा मुद्दा मात्र हमखास चालतो. सिस्टमडीचा लॉग, म्हणजे जर्नल, साधा टेक्स्ट नाही, बायनरी आहे, त्यात शोधायला ग्रेप चालत नाही, फाइल करप्ट झाली तर काय, असं तावातावाने बोलायचं. शेजारी आरसिसलॉग हा लॉग लिहिणारा प्रोग्राम चालू ठेवून साध्या टेक्स्ट फाइली पण मिळवता येतात हे समोरच्याला आठवायच्या आत पुढच्या मुद्द्यावर जायचं. नाव लिहिताना शेवटचा डी मुद्दाम मोठा लिहा, त्यांच्या साइटवर स्पष्ट लिहिलंय की सगळी अक्षरं लहान, त्यामुळे फार टोचतं. आणि सगळे मुद्दे संपले की पॉटरिंग 2022 मध्ये रेड हॅट सोडून मायक्रोसॉफ्टला गेला हे सांगायचं. पुढे काही सिद्ध करावं लागत नाही, फक्त "समजलं ना" अशा अर्थाने थांबायचं.

आता समर्थक असाल तर तुमचं काम सोपं आहे, कारण तुम्ही जिंकलेले आहात. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने 2011 मध्ये घेतलं, आर्चने 2012 मध्ये, उबुंटूने 2015 मध्ये याच जागेवरचा आपला अपस्टार्ट बाजूला ठेवून. पण जिंकलेल्या माणसाने मोठ्या मनाचं व्हायचं नसतं. कोणी बग आणला की हा बग नाहीच म्हणून सांगायचं. 2017 मध्ये कोणीतरी दाखवून दिलं की युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) आकड्याने सुरू होणारं युजरनेम टाकलं तर ते अमान्य म्हणून दुर्लक्षित होतं आणि सर्व्हिस चक्क रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालते. उत्तर आलं, नाव असं ठेवूच नये. 2016 मध्ये 230 व्या आवृत्तीत डिफॉल्ट असं केलं की लॉगआउट केल्यावर टर्मिनलमधलं काम मागे चालू ठेवणारं टीमक्स आणि स्क्रीन पण मरणार, आता ही दोन्ही अवजारं लोक नेमकी कशासाठी वापरतात हे विचारायचं नाही. 2024 मध्ये 256 वी आवृत्ती आली ती "42 टक्के कमी युनिक्स फिलॉसॉफी" असं स्वतःच मिरवत, आणि त्यात टेम्प फाइल्स साफ करणाऱ्या कमांडला पर्ज म्हटलं की ती होम डिरेक्टरी पण साफ करायची, कारण नाव टेम्प असलं तरी तिच्या यादीत होम पण होतं. 256.1 मध्ये ते आवरलं. पण पहिली प्रतिक्रिया कुठली असावी? मॅन्युअल वाचलं नाही का, हीच. (खरं सांगू, विरोध टिकून राहिला तो पिड 1 मुळे कमी आणि या उत्तरांमुळे जास्त, पण हे दोन्ही बाजूंना आवडणार नाही म्हणून कंसात.)

अजून एक डाव लक्षात ठेवा. हे सगळं एकच अवाढव्य धूड आहे असं कोणी म्हटलं की सांगायचं, छे, हे तर कितीतरी सुटे प्रोग्राम आहेत. मग त्याने विचारलं की बरं, मग लॉगिनवाला भाग तेवढा वेगळा काढून वापरतो, की सांगायचं, छे, हे सगळं एकत्रच चालतं. बिचाऱ्यांनी इलॉगिनडी म्हणून तो भाग खरंच उपसून वेगळा काढला, काय करणार.

डेबियन या जुन्या वितरणाचा इतिहास दोघांनीही पाठ करा. फेब्रुवारी 2014 मध्ये टेक्निकल कमिटीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षाच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. त्यावर नोव्हेंबरमध्ये सगळ्या डेव्हलपर्सचं मतदान झालं आणि बहुमताने काय ठरलं, तर असा ठराव करायची गरज नाही, असा ठराव. एवढा सगळा जाळ करून! मधल्या मध्ये चांगली चांगली माणसं थकून राजीनामे देऊन गेली, तिथे विनोद जमत नाही. त्याच महिन्यात डेवुआन, म्हणजे डेबियनमधून फुटलेला सिस्टमडीविना फोर्क, जाहीर झाला, लोक हसले, आणि मे 2017 मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली सुद्धा. सोडून जातो म्हणणारे खूप असतात, हे खरंच गेले आणि घर बांधून राहिले, म्हणून त्यांच्याशी मी भांडत नाही.

कुठलीच बाजू नको असेल तर तिसरा मार्ग आहे, सिस्टमडीऐवजी वापरता येणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची नावं घ्यायची, शांत आवाजात "एस6 बघितलंय का" किंवा "रनिट, दोन ओळींची स्क्रिप्ट" म्हणायचं आणि भिंतीला टेकून उभं राहायचं. सगळ्यात हुशार तुम्हीच दिसता. शिवाय हे खरंही आहे, त्यामुळे जास्तच चीड येते लोकांना.

माझं विचाराल तर मी दोन्ही बाजूंनी भांडून झालोय. एकदा माझी सर्व्हिस काही केल्या नवीन सेटिंग घेईना, अख्खी संध्याकाळ मी सिस्टमडीच्या नावाने बोटं मोडली, चार जणांना मेसेज करून सांगितलं की हे असलं असतं बघा. फाइल बदलल्यावर डेमन रीलोड, म्हणजे फाइल पुन्हा वाच असं सिस्टमडीला सांगायचं, राहिलं होतं. आणि ते कर म्हणून प्रत्येक वेळी स्क्रीनवर लिहून येत होतं, मी वाचलंच नव्हतं कारण मी तेव्हा विरोधात होतो. त्या चौघांना अजून कळवलेलं नाही.

वादासाठी वेळ कुठून आणायचा ही चिंता करू नका, ती सोय आत बसवलेलीच आहे. मशीन बंद करायला जा, स्टॉप जॉब चालू आहे, म्हणजे कुठलीतरी सर्व्हिस बंद व्हायची वाट बघतोय, अशी ओळ येईल, एक लाल ठिपका इकडून तिकडे फिरत राहील आणि पुढे 1 मिनिट 30 सेकंदांची मर्यादा दिसेल. तेवढ्यात फोनवरून एक सविस्तर मत टाइप होतं. वेळ कमी पडला तर कधीकधी मर्यादा संपत आली की तीच वाढून मिळते.