जुना मेडिक्लेम सोडू नका: ‘५ लाखांचं कार्ड’वाल्या मेसेजला उत्तर

निवृत्तांच्या ग्रुपांवर एक सल्ला जोरात फिरतोय: ‘सत्तरी झाली की सरकारचं ५ लाखांचं कार्ड मिळतं, मग मेडिक्लेमचा हप्ता कशाला भरता? जुनी पॉलिसी सोडा, ५ लाखांच्या वरचा स्वस्त सुपर टॉप-अप घ्या. पुढे वाटलंच तर पोर्ट करता येतं.’ (पोर्ट म्हणजे जुन्या सवलती राखून पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेणं.) यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर हा सल्ला चटकन पटतो. पण तो पाळला तर म्हातारपणी मोठं नुकसान होईल.

‘सरकारचं कार्ड आहेच.’ आहे, आणि ते जरूर काढा. आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना मिळतं. उत्पन्नाची अट नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. (सीजीएचएस म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची किंवा ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना असलेल्यांना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं.) पण हे ५ लाख वर्षाला घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांचे मिळून. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. शिवाय उपचार योजनेतल्याच रुग्णालयात, ठरलेल्या पॅकेजमध्ये, भरती झाल्यावरच. तुमचे हृदयाचे डॉक्टर ज्या रुग्णालयात बसतात तिथे हे कार्ड चालतं का, हे आजच फोन करून विचारा. आणि साठीत निवृत्त झालेल्यांनी सत्तरीपर्यंतची दहा वर्षं कशाच्या भरवशावर काढायची?

‘सुपर टॉप-अप पुरेसा आहे.’ सुपर टॉप-अप स्वस्त असतो, कारण वर्षातल्या खर्चाचे पहिले ५ लाख तो भरतच नाही. समजा, कार्ड न चालणाऱ्या रुग्णालयात साडेचार लाखांचं बिल झालं. मूळ पॉलिसी नसेल तर सगळे पैसे तुमच्या खिशातून. त्याच वर्षी पुन्हा ३ लाखांचं बिल आलं की एकूण साडेसात लाख होतात, आणि तेव्हा कुठे सुपर टॉप-अप वरचे अडीच लाख देतो. खाली ५ लाखांची जुनी पॉलिसी असती, तर तिने पहिले ५ लाख उचलले असते. (नुसता ‘टॉप-अप’ प्रत्येक बिल वेगळं मोजतो, त्यामुळे या उदाहरणात तो एक रुपयाही देणार नाही. घेताना नाव नीट वाचा.) सुपर टॉप-अप हवाच, पण जुन्या पॉलिसीच्या जोडीला.

‘पुढे पोर्ट करता येतं.’ मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. पोर्ट होते ती चालू पॉलिसी. सोडून दिलेल्या पॉलिसीचं काहीच पोर्ट होत नाही. अर्ज नूतनीकरणाच्या तारखेआधी ६० ते ४५ दिवसांच्या मधे करायचा असतो, आणि वय, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी पाहून नवी कंपनी सरळ नकार देऊ शकते. तिने घेतलं तरी वेटिंग पिरियडची (जुने आजार धरले जाण्याआधी थांबायच्या काळाची) सवलत जुन्या विमा रकमेपुरतीच. ५ लाखांचे १० लाख केलेत, तर वाढलेल्या ५ लाखांना नव्याने थांबावं लागतं. याउलट, तुम्ही क्लेम केलेत म्हणून जुनी कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण सांगून क्लेमही नाकारता येत नाही. पॉलिसी तोडली की हे सगळं गेलं. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते.

हप्ता जड जातो हे खरंच आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपन्यांनी आधी विमा नियामकाशी बोलायचं, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. तरीही झेपत नसेल तर त्याच कंपनीला विमा रक्कम कमी करून मागा.

नोकरीतला ग्रुप विमा असेल तर तो संपण्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा.

आणि कंपनी बदलायचीच असेल, तर नवीची मंजुरी लेखी हातात येईपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका. फॉर्म स्वतः भरा. ‘शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल’ असं एजंट म्हणाला, तरी रोजची प्रत्येक गोळी त्यात लिहा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत घरात ठेवा.