रिपोर्ट चांगले आहेत, मग थकव्याचं काय?

नमस्कार. डायलिसिसनंतरच्या थकव्याकडेही लक्ष द्यायला हवं, या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘आधी माणूस जगला पाहिजे, त्यासाठी रिपोर्ट बघावे लागतात. थकवा, झोप, मन हे सगळं नंतर,’ असं तुम्ही लिहिलंय. वडिलांचं डायलिसिस तुम्हीच सांभाळता, त्यामुळे हा राग काळजीपोटी आहे हे कळतं.

आधी माझी चूक. ‘फार थकायला होत असेल तर वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला’ हे माझं वाक्य वाचून कुणी चार तासांचं डायलिसिस तीन तासांत आटोपायला लागेल, ही तुमची भीती खरी आहे. अंगातलं तेवढंच पाणी कमी वेळात ओढलं की बीपी पडतं, पायांत गोळे येतात आणि थकवा उलट वाढतो. ते वाक्य मी बदललंय.

बाकी मात्र मला पटलेलं नाही. हेमो नावाची मोठी चाचणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे 1,846 रुग्ण होते. नेहमीच्या मात्रेपेक्षा रक्त आणखी शुद्ध केल्याने मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. पुरेसं डायलिसिस हवंच, त्यात तडजोड नाही. पण त्यापुढे नुसता आकडा वाढवत नेऊन आयुष्य वाढतं, असं दिसलं नाही. आणि डायलिसिसनंतर सावरायला ज्यांना 12 तासांहून जास्त लागतात, त्यांच्यात मृत्यू आणि ॲडमिट व्हावं लागणं, दोन्ही जास्त आढळलं आहे. थकव्यानेच माणूस जातो असा याचा अर्थ नाही. पण शरीर काहीतरी सांगतंय, आणि ते युरियाच्या, म्हणजे रक्तातला कचरा किती निघाला ते सांगणाऱ्या, रिपोर्टमध्ये उमटत नाही.

माझ्या भावाचे रिपोर्ट छान असायचे. मशीनवरून उतरला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून असायचा. डायलिसिस म्हटलं की हे असंच, असं आम्ही धरून चाललो. कितीतरी महिने कुणालाच सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मधल्या काळात त्याची भूक सुधारून अंगावर मांस चढलं होतं, ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं ते, मात्र जुनंच धरलेलं होतं. दर वेळी नको तितकं पाणी निघत होतं. ते लक्षात आल्यावर डॉक्टरांनी ड्राय वेट वाढवलं, आणि त्याच आठवड्यात तो संध्याकाळी उठून आमच्यात येऊन बसला.

वडिलांना एवढंच विचारा: घरी आल्यावर किती वाजता बरं वाटायला लागतं? दोन आठवडे ती वेळ वजनाच्या नोंदीशेजारी लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. त्यांचं ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं होतं, तेही विचाराल का?