दिवे घाटातला झटका

आमची गाडी सपाटीवर देवमाणूस आहे. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये मान खाली घालून चालते. दिवे घाट लागला की मात्र तिच्या अंगात येतं. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाते, तिथे करमत नाही म्हणून परत दुसऱ्यात येते आणि येताना आपल्या पाठीत असा गुद्दा घालते की पुढच्या सीटवर ठेवलेली पिशवी नमस्कार करते. ज्ञानोबांच्या पालखीच्या रथालासुद्धा या घाटात जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात हे मला मान्य आहे. पण ते बैल निदान एकाच दिशेने ओढतात.

गाडी डिझेल, ऑटोमॅटिक, ९२,००० किलोमीटर झालेली. आपल्या हातात गिअर असला की झटक्याचा दोष आपल्या डाव्या पायावर येतो आणि बायको तो नोंदवून ठेवते. इथे डावा पाय निवृत्त. त्यामुळे सगळ्यांनी एकमताने गिअरबॉक्सवर बोट ठेवलं. मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, गिअरबॉक्सचं तेल बघा. लाल पाहिजे. काळं झालं असेल तर बॉक्स गेला म्हणून समजा."

मी बॉनेट उघडलं. पिवळ्या कडीची एक काडी सापडली, ती ओढली. डांबर! फोटो पाठवला. मेहुण्याने हात जोडलेले पाठवले, जे आमच्या घरात साधारणपणे दहाव्याच्या निरोपाला येतात. रात्रभर मी कर्जाचे हप्ते मोजले. सकाळी कळलं की ती काडी इंजिन ऑइलची. डिझेलमध्ये ते बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं आणि काळंच शोभून दिसतं. गिअरबॉक्सला आमच्या गाडीत काडीच नाही. त्याचं तेल मोजायला गाडी उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, तेल ठरावीक तापमानाला आलं की खालचा बोल्ट उघडायचा आणि किती गळतं ते बघायचं. घरच्या घरी करण्यासारखं यात काही नाही हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं.

सर्व्हिस सेंटरच्या साहेबांनी जॉबकार्डावर लिहिलं, 'गिअर बदलताना झटका'. ही तीन शब्दांची ओळ मला पुढे फार महागात पडणार होती. ट्रायल घ्यायला त्यांचा माणूस मगरपट्ट्याला एक चक्कर मारून आला. तिथे चढ म्हणजे स्पीडब्रेकर. गाडी लोण्यासारखी चालली. मी म्हटलं, "घाटात चला ना." तो म्हणाला, "इन्शुरन्समध्ये बसत नाही." मग स्कॅनर लावला. त्यात एकच एरर निघाला, पी ०२९९.

"म्हणजे काय?"

"टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, प्रेशर कमी पडतंय. पण तो इंजिनचा कोड आहे, सर. तुमची तक्रार गिअरची आहे."

आणि त्याने एरर उडवून टाकला. गिअरबॉक्स उघडून आतली वॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणारा भाग, बदलायचं एस्टिमेट आलं १,८५,००० रुपयांचं. मी 'घरी विचारून सांगतो' म्हणालो. पन्नाशीच्या पुरुषाला या वाक्याइतका आधार दुसरा नाही.

रविवारी आईला घेऊन सासवडला निघालो. घाट लागला, झटके सुरू झाले, खाली मस्तानी तलाव दिसायला लागला. मागून आई म्हणाली, "अरे, कुकरची रिंग गेल्यासारखं फुस्स होतंय."

"आणतो गं आई, शनिवारी नक्की आणतो," मी म्हणालो. कारण घरच्या कुकरची रिंग खरंच गेली होती आणि ती आणायचं काम दोन महिने माझ्याकडे होतं. आई गप्प बसली. पुढच्या वळणावर पुन्हा म्हणाली, "घरचा नाही रे, हा. तू पाय दाबलास की वाजतो, सोडलास की थांबतो."

सासवडच्या मिस्त्रीला मी झटक्यांचं वर्णन सांगत होतो, तेवढ्यात आईने फुस्सचं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाठ केली आणि उरलेली चौकशी आईकडे केली. टर्बोपासून इंटरकूलरला, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीला, जाणारा जाड रबरी पाईप त्याने वाकवला. खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या जवळ, बोटभर चीर. गाडी नुसती उभी असताना चीर मिटलेली. चढावर हवेचा दाब वाढला की उघडायची.

मग त्याने समजावलं. हवा गळाली की इंजिनला जोर येत नाही. जोर येत नाही म्हणून मी पेडल आणखी दाबतो. पेडल दाबलं की गिअरबॉक्सला वाटतं, साहेबांना ओव्हरटेक करायचंय; तो गिअर खाली आणतो. शिवाय स्वतःच्या आतल्या क्लचवर किती दाब द्यायचा हे तो इंजिनने सांगितलेल्या ताकदीवरून ठरवतो आणि इंजिन सांगतं एक, देतं दुसरंच. "गिअरबॉक्स बिचारा ऐकीव माहितीवर काम करतोय," मिस्त्री म्हणाला. नोकरीत तीस वर्षं मी हेच केलं असल्यामुळे मला त्या गिअरबॉक्सबद्दल एकदम आपुलकी वाटली.

पाईप पुण्याहून मागवावा लागला. दोन दिवसांनी बसला. क्लॅम्प आणि मजुरी धरून ३,४०० रुपये. गिअरबॉक्सचं तेलही लवकरच बदलून घ्या, जन्मभर टिकतं असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, असं मिस्त्रीने बजावलं. तेही आईलाच.

परत येताना मुद्दाम घाट उतरून पुन्हा चढलो. तिसरा गिअर पडला तो पडलाच. आवाज नाही, गुद्दा नाही. मी आरशातून आईकडे विजयी नजरेने बघितलं.

"फुस्स थांबलं ना?"

"हो," आई म्हणाली. "आता हडपसरला भांड्यांच्या दुकानापाशी थांबव. पाच लिटरची सांग, नाहीतर तिनाची आणशील."