डावं चाक जरा मागे आहे

जुन्या गाडीची पुढची दोन्ही चाकं अगदी बरोबर एका रेषेत असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती कधी मोजलेली नसतात. मोजूही नयेत. १९६० च्या दशकातली गाडी बाळगणाऱ्याने क्रोम पुसावं, येणाऱ्याजाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवावं आणि सुखात राहावं. चाकाच्या कमानीपाशी उकिडवं बसून फटीत हात घालू नये. मी घातला. उजव्या चाकाच्या पुढे पंजा जात होता, मागेही पंजाच. डाव्या चाकाच्या पुढे पंजा जाऊन वर अंगठ्याला जागा उरत होती आणि मागे जेमतेम बोटं शिरत होती. शिवाय गाडी डावीकडे ओढत होतीच. दोन लक्षणं एकाच बाजूला सापडली की माणसाला आपण वैद्य आहोत असं वाटू लागतं.

पुढच्या चाकांची कुंडली तीन ग्रह मांडतात: कॅम्बर, कॅस्टर आणि टो. समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर किती कललंय तो कॅम्बर. चाक वर-खाली दोन गोलाकार सांध्यांवर वळतं, त्यांना बॉल जॉइंट म्हणतात. बाजूने पाहिल्यावर वरचा बॉल जॉइंट खालच्याच्या किती मागे आहे तो कॅस्टर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं ते बऱ्याच अंशी याच्या कृपेने. आणि वरून पाहिल्यावर चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा किती जवळ आहेत तो टो-इन. आमच्या गाडीत कॅम्बरसाठी वरच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, मुळाशी पातळ शिमांची, म्हणजे पत्र्याच्या चकत्यांची, थप्पी आहे. कॅस्टरसाठी खालच्या आर्मपासून पुढे चेसिसपर्यंत गेलेला एक रॉड आहे. त्याचे नट फिरवले की चाक पुढे-मागे सरकतं.

म्हणजे सोपं झालं. रॉड आवळायचा, डावं चाक पुढे ओढायचं, कमानीत मधोमध आणायचं. पण चाक पुढे आलं की त्याच्याबरोबर कॅस्टरही वाढतो. एका बाजूचा कॅस्टर वाढला की गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढू लागते. दोन्हीकडचा सारखा करावा तर स्टिअरिंग जड. आणि आर्म हलला की टो बिघडलाच. एकाला समजवावं तर दुसरा रुसतो, आणि तिसऱ्याला तर कुणी काही न बोलताही राग येतो. म्हणूनच क्रम ठरलेला: आधी गाडीची उंची, मग कॅस्टर, मग कॅम्बर आणि सगळ्यांत शेवटी टो.

आधी रीतसर अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. त्याच्या मशीनच्या यादीत माझी गाडी नव्हती. "जवळपासची कुठली टाकू?" त्याने विचारलं. गाडीला जवळपासची गाडी नसते हे त्याला पटेना. मी मॅन्युअल पुढे केलं, पण त्यातला टो-इन क्रॉस-प्लाय, म्हणजे जुन्या बांधणीच्या टायरच्या जमान्यातला. आजच्या रेडियल टायरला त्याहून कमी लागतो. तेव्हा मॅन्युअलही वाचायचं ते पंचांग वाचल्यासारखं, म्हणजे श्रद्धेने, पण आपल्या सोयीने.

म्हणून घरीच. टायरमधली हवा सारखी केली. आर्मच्या मुळाशी बसवलेल्या रबरी नळ्या, म्हणजे बुश, आणि बॉल जॉइंट हलवून पाहिले, कारण ते ढिले असतील तर बाकी सगळं मोजमाप म्हणजे करमणूक. पुढच्या चाकांखाली दोन-दोन पत्रे ठेवून मध्ये ग्रीस फासलं, म्हणजे चाक जमिनीला अडून न बसता हवं तसं सरकतं. जॅक काढला की गाडी पुढे-मागे ढकलायची, बॉनेटवर दाब देऊन हलवायची, तेव्हा कुठे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. आर्मचे रबरी बुश आवळायचे तेही गाडीचं वजन चाकांवर असतानाच. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वजन चाकांवर असताना तिथे पाना जात नाही. पाना जाण्यासाठी चाक काढावं लागतं. ज्याने हे आखलं त्याने आयुष्यात कधीही पाना हातात धरला नसावा अशी माझी खात्री आहे.

कॅस्टर मोजायला चाक आधी एका बाजूला २० अंश वळवायचं, मग तेवढंच दुसऱ्या बाजूला, आणि कॅम्बरमधल्या फरकाला दीडने गुणायचं. यासाठी स्टिअरिंगवर कुणीतरी लागतं. बायको बसली.

"डावीकडे घे," मी समोर बसून म्हणालो.

"अहो, तुमचं डावं की माझं?"

"गाडीचं!"

"मग गाडीलाच सांगा ना."

तेवढ्यात एक गृहस्थ थबकले. "अहो, ही चाकं वेगवेगळी वळतायत!" त्यांना वाटलं मोठा दोष सापडला. वळणाच्या आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलंच पाहिजे. त्याला लहान वर्तुळातून जायचं असतं. ही युक्ती म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या, घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराची. १८१८ साली लंडनमध्ये तिचं पेटंट त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ अॅकरमन याने घेतलं, आणि जग आजतागायत तिला अॅकरमन म्हणतं. मी हे सगळं सविस्तर सांगितलं. गृहस्थ परत कधी थबकले नाहीत.

शेवटी ओळंबा काढला. कमानीवरून मोजणं बंद केलं. दोन्ही खालच्या बॉल जॉइंटवरून आणि चेसिसच्या मूळ भोकांमधून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या, गाडी बाजूला केली आणि कर्ण मोजले. दोन मिलिमीटरचा फरक. डावं चाक होतं तिथेच, अगदी जिथे असावं तिथे! पुढे सरकली होती ती कमान. मडगार्डवर टिचकी मारली तर कमानीच्या कडेला पत्र्याऐवजी पुट्टीचा बद्द आवाज. कधीकाळी कुणीतरी ठोकलं होतं, कुणीतरी अंदाजाने कमान घडवली होती, आणि त्या अंदाजापुढे मी सस्पेन्शन नमवायला निघालो होतो.

आणि डावीकडची ओढ? पुढचे दोन टायर आपसात बदलले. गाडी उजवीकडे ओढू लागली. रेडियल कधीकधी घडतानाच किंचित शंकूसारखा होतो आणि त्याच्या कलाने गाडी जाते. शिमा, नट, कॅस्टर यांचा त्यात काडीचा हात नसतो. टायर बदलला, गाडी सरळ.

उरलं मडगार्ड. पत्रेवाल्याने ते वाकून पाहिलं, मग लांबून, मग एक डोळा मिटून. कमान कापायची तर मडगार्ड रंगवावं लागणार, मडगार्ड रंगवलं तर जुना दरवाजा वेगळा दिसणार, दरवाजा केला की मागची बाजूही. "साहेब," तो म्हणाला, "फोटो उजवीकडून काढत जा."

तसेच काढतो. फक्त विम्याच्या फॉर्मला चारही बाजूंचे लागतात, तेवढी एक अडचण आहे.