‘मत दिलं, आता पाच वर्षं गप बसा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतो आहे: ‘आपल्या हातात फक्त मत. ग्रामसभा नावापुरती. अर्जाला ओळख लागते. मोर्चे म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग.’ पुढे पाठवणाऱ्यांत माझे शहाणेसुरते मित्रही आहेत, म्हणून हे उत्तर.

हातात फक्त मत? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली या छोट्याशा गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद आला, पण बांबू विकायला नेता येईना. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे गावानं गोळा करून विकावं असं जंगलातलं उत्पन्न. १९२७ च्या वन कायद्यात मात्र तेव्हा ते झाड, म्हणजे वनखात्याच्या ताब्यातलं. वनखातं जुन्या कायद्यावर अडून बसलं आणि वाहतुकीचा परवाना देईना. गावानं आमदार बदलायची वाट पाहिली नाही, नव्या कायद्याचं कलम धरून ठेवलं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. आपला बांबू आपणच विकायचा, पैसा ग्रामसभेच्या खात्यात.

ग्रामसभा नावापुरती, हे बऱ्याच गावांत खरं आहे. पण कोणामुळे? साध्या ग्रामपंचायतीत कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी ते. तेवढेही आले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! मग पाच-दहा जण सही करून सगळं मंजूर करून मोकळे. आपण घरी बसतो म्हणून त्यांचं फावतं, बाप्पा.

अर्जाला ओळख? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. मुदत ३० दिवस, नाही मिळाली तर अपील. घरकुलाची यादी, रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक मागून बघा.

मोर्च्यांचं उत्तर थोडं कडू आहे. दारूबंदीसाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या, ग्रामपंचायतींनी ठराव घेतले. २०१५ मध्ये बंदी आली. २०२१ मध्ये ती उठवली गेली. तिची अंमलबजावणी किती झाली, यावर वाद घाला खुशाल. पण सरकारला ती करायला लावली ती याच ‘रिकामटेकड्या’ बायांनी. आणि शेजारच्या गडचिरोलीत लोकांच्या रेट्यानं १९९३ मध्ये आलेली बंदी उठवायला अजून कोणी धजावलेलं नाही.